बाटी मिलेगी

रील पाहून याडी उभी राह्यली. चुलीवर तवा तसाच.

"परत लाव," म्हने.

मी परत लावली. कोन्या पुन्याच्या पोरीची रील होती. 'वर्षावनात स्वस्तात राहायचंय? मग हे बघा.' हिरवंगार जंगल, धुकं, लाकडाची लॉज, आन मंग एक सेकंद, खरंच एकच सेकंद, सैपाकाची खोली. तिथं एक मानूस पाठमोरा उभा. भाकर थापून राह्यला. परातीत नाई, दोन हातावर, हवेत.

"सोन्या हाय हा," याडी म्हने.

"पाठ तं कोनाचीबी तशी दिसते याडी."

"तुले पाठ दिसून राह्यली. मी हात पाहून राह्यली. डावा आंगठा वर धरला पाह्य त्यानं. तुह्या बासारखा."

मले आंगठा दिसला नाई. दहा येळा पाह्यलं तरी नाई दिसला.

आमी गोर, म्हंजे बंजारे. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. आईले याडी म्हंतो, मोठ्या भावाले भिया. आमचा तांडा बोरी अरबच्या पलीकडे, आन मी बोरीत पिंटूच्या मोबाईलच्या दुकानात काम करतो. सोनू माहा भिया. तांड्यातले पोट्टे सुपारीच्या कामाले कर्नाटकात गेलते, त्यायच्यासंग थोबी गेलता. मंग फोन आला का जंगलातल्या एका लॉजवर सैपाकी लागलो. कोनती लॉज, कोनतं गाव, थे आमी इचारलं नाई. इचाराचं काय, फोन तं येतच होता.

"इथं नेटवर्क नाई याडी," असं सांगे. "टेकडीवर चढलं का लागते."

आठ-पंधरा दिसातून एकडाव टेकडीवर चढे. बासंग पऱ्हाटीचं बोले, याडीसंग जेवनाचं, माह्यासंग फालतूचं.

मंग बा गेला.

किसनसिंग नाव माह्या बाचं. वावरातून आला, बाजीवर बसला, पानी मागतलं. पानी येयेपरेंत गेला. आग मोठ्या पोरानं द्या लागते. मी भियाले फोन लावले, लागले नाई. मेसेज टाकले. एकच टिक. तांड्याचा नायक धावजी म्हने, थांबू. सारा तांडा थांबला. बाया रडून रडून चूप झाल्या. ऊन उतरलं. एकच टिक. शेवटी मीच आग देली.

लय दिसानं भिया टेकडीवर चढला. माहे सारे मेसेज त्याले एका झटक्यात भेटले असतीन. 'बा गेला, लवकर ये' इथून तं 'भिया कुठी हायेस' इथून तं 'आता घाई करू नको' इथपरेंत. त्यानं फोन लावला. मी हॅलो हॅलो करून राह्यलो. तिकडून पानी पडाचा आवाज. पानीच पानी. मंग फोन कटला. त्याच्या बादमंदी थो नंबर कधी लागलाच नाई.

बाप गेला का त्याची जागा मोठ्या पोराले देतात, साऱ्या तांड्यासमोर डोक्यावर पागडी बांधून. धावजी म्हने, सोन्याचा पत्ता नाई, लखनले बांधा. लखन म्हंजे मी. मी डोकं खाली केलं होतं. याडी मधात आली.

"माहा मोठा जित्ता हाय," म्हने.

पागडी पेटीत गेली. त्याले दोन पावसाळे झाले.

आन आता ही रील. लॉजचं नाव 'मळेकाडू स्टे'. कन्नडात मळेकाडू म्हंजे पावसाचं जंगल, थ्या पोरीनंच सांगतलं. खाली फोन नंबर, 'सायंकाळी पाच ते सहा', आन मोठ्या अक्षरात, 'नो नेटवर्क, नो टेन्शन!' त्याच्यावर लोकायनं लाल बदाम टाकेल होते. ढीगभर. मी थे वाक्य वाचून राह्यलो आन माह्या कानात पानी पडून राह्यलं.

"जाऊ," याडी म्हने.

"कधी?"

"उद्या."

"याडी, बोरीच्या बाजाराले नाई जाचं."

---

पिंटू माहा मालक कमी आन दोस्त जादा. विठ्ठलरावचा पोरगा, बापाचं वावर हाय, पन याले मातीची ॲलर्जी. असं थो स्वतःच सांगते. त्यानं रील पाह्यली, मले पाह्यलं, आन दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"डायरेक नाव सांगू नको बे लखन्या. दोन साल ज्यानं तोंड दाखवलं नाई, थो तुहं नाव आयकून तिथंच बसून राह्यन का? पयन थो. मी लावतो फोन. मी टुरिस्ट."

"तू आन टुरिस्ट?"

"काहून, चष्मा लावू का?"

पाच वाजता फोन लावला. स्पीकरवर. कितीक येळ वाजला, मंग आवाज आला.

"हां जी, मळेकाडू स्टे."

हळू आवाज. थकेल. मांगं वारं, टेकडीवरचं असन. मी कान लावून बसलो, पन वळखू आला नाई. भिया हिंदी बोलतानी मी कधी आयकलाच न्हवता. आन माहा भिया इतका मोठ्यानं बोले का त्याचा फोन आला तं शेजारची धनीबाई आपल्या घरातून जवाब दे. हा मानूस तं असा बोलून राह्यलता जसं बाजूले कोनी झोपलं हाय.

"भैया, दो लोगों का रहने का था," पिंटू म्हने. "सस्ते में. मतलब एकदम सस्ते में."

"कॉटेज या डॉरमेट्री?"

"जो सस्ता है वो."

"डॉरमेट्री. लकड़ी का पलंग है, बाथरूम बाहर. अभी बारिश है तो आधा रेट लगेगा. दो रात लोगे तो मालिक से बोल के और कम करा देता मैं."

पिंटूनं मले डोळा मारला. सौदा जमून राह्यलता त्याचा.

"और खाना?"

"चावल-सांबार उसी में. आपको उधर का खाना होना तो बोल देना. बैंगन बना देंगे. बाटी मिलेगी."

"बाटी? दाल-बाटी? वो राजस्थानवाली?"



"नहीं जी. वो... रोटी. ज्वारी की रोटी."

पिंटूनं फोनवर हात ठेवला आन हासला. "रोटीले बाटी म्हंते येडा." मंग त्यानं माह्याकडे पाह्यलं आन त्याचं हासनं गेलं. मी काउंटरच्या मांगं खाली बसलो होतो.

ज्वारीच्या भाकरीले बाटी आमीच म्हंतो. तांड्यात जलमला त्याच्याच तोंडून निंगते थे. हिंदी शिकला, कन्नड शिकला असन, जी-जी शिकला, पन भाकरीचं नाव बदलता आलं नाई त्याले.

"आपका नाम क्या भैया?" पिंटूनं इचारलं. त्याचाबी आवाज बारीक झालता.

"किसन. किसन बोलते इधर."

बाचं नाव.

फोन ठेवल्यावर पिंटूनं मले पानी देलं.

---

याडीले मी सारं सांगतलं. बाटीचं सांगतलं तं हासली. बा गेल्यापासून मी तिले अशी हासतानी पाह्यलं न्हवतं, तोंडावर हात ठेवून, पोरीसारखी. मंग नावाचं सांगतलं. तं ती उठली आन पान्याचे गुंड-घागरी उगाचच इकडचे तिकडे केले.

जाचं ठरलं. पिंटूच्या नावावर बुकिंग, पिंटूच्याच फोनवरून ॲडव्हान्स. भिया समोर येयेपरेंत आमी कोन हाओत थे सांगाचं नाई.

आता स्वस्तात जाचं कसं, याच्यावर दुकानात रोज सभा. पिंटू म्हने रेल्वेत स्लीपर घ्या, काकूची कंबर दुखते. याडी म्हने जनरल. "तिथं झोपाचंच हाय ना लाकडाच्या पलंगावर, मंग गाडीत कायले झोपू?" बडनेऱ्यापरेंत एष्टी, त्याच्यात तिले अर्धं तिकीट, त्याचा तिले लय अभिमान.

"कर्नाटकात बायांले बस फुकट हाय म्हंतात," ती म्हने.

"थे तिथल्या बायांले काकू," पिंटू म्हने.

"मंग मी काय गडी हाओ?"

लॉजवरून मेसेज आला, जळवा हायेत, लांब मोजे आना, नाई तं इथं भाड्यानं भेटतीन. याडीनं वाचाले लावला.

"मोज्याचं भाडं? जळवाले मीठ लावलं का पडते खाली." आन मिठाची पुडी पिशवीत टाकली. मंग आनखीन एक टाकली.

आमचे पुरखे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. लदेनी म्हनत त्याले. धनीबाई दारातून पाहून राह्यलती.

"काय वं बिजली, लदेनी निंगाली का तुही?"

"निंगाली. येतं का? बैल कमी हाय एक," याडी म्हने.

दोघी हासल्या. धनीबाईनं जाता जाता डोळे पुसले थे मी पाह्यलं.

पिशवीत लसनाची चटनी, भाजेल शेंगदाने, भियाचं जुनं स्वेटर. "तिथं ओलं असन," म्हने. आन साऱ्यात खाली, धुतल्या लुगड्यात गुंडाळून, बाची पागडी. जंगलात, तांडा नसतानी, नायक नसतानी, ती आपल्याच हातानं बांधनार होती. तसं कोनी करत नाई. मी म्हनलं तं म्हने, "तांडा तिकडे नाई जात तं पागडी जाईन."

सच्ची सांगू तं मलेबी थेच पाह्यजे होतं. थो पागडी घालून घरात बसला का मी फक्त लाहान पोरगा. कोनी इचारलं घरात मोठं कोन, तं भियाकडे बोट दाखवाचं आन मोबाईल पाह्याचा. दोन साल मी मोठ्याचं सारं काम केलं, मोठा न होता.

---

निंगाच्या आदल्या दिसी शेवटचा फोन कराचा होता. कोन्या फाट्यावर उतराचं, जीप भेटते का, एवढंच. याडी म्हने मीबी येतो दुकानात.

"बोलाचं नाई याडी."

"नाई बोलत. आवाज आयकतो फकस्त. तोंडात पदर धरतो, मंग तं झालं?"

आली. पिंटूनं स्टुल देला, पंखा बंद केला. ती पदराचा बोळा तोंडात धरून बसली. खरंच धरला.

"हां जी, मळेकाडू स्टे."

याडीचे डोळे मिटले. मी तिच्याकडेच पाहून राह्यलतो. मान हालली तिची, हाव, थोच.

पिंटू म्हने, "भैया, कल निकल रहे हम. उतरना कहाँ है?"

"घाट की आख़िरी बस पकड़ना. कमान दिखेगी, उधर उतरना. जीपवाला बहुत लेता है, मत करना. मैं आ जाऊँगा लेने को. थोड़ा ही चलना है. साथ में कौन है आपके?"

पिंटू जरा अटकला. "माताजी है."

"उमर है?"

"हां... है."

"तो उनका बैग मैं उठा लूँगा. धीरे-धीरे चलेंगे. फिसलन है इधर, उनको बोलना चप्पल नहीं—"

आन खोकला. साधा खोकला नाई, लंबा, आतून येनारा. थांबला, परत खोकला. पिंटू माह्याकडे पाहून राह्यला, मी फोनकडे.

पदर खाली पडला.

"बाटी खादो कांई?" याडी म्हने.

जेवला का. एवढंच. त्याच्या प्रत्येक फोनवर ती सगळ्यात पयले हेच इचारे. तब्येत बादमंदी, पाऊस बादमंदी, पयले हे. मले वाटते तिच्या ध्यानातबी आलं नाई का ती बोलली.

तिकडून जवाबबी तसाच आला. इचार कराच्या आंधी, जसा घरातल्या घरात येते.

"हा याडी. खादो."

मंग पानी पडाचा आवाज.

थोच आवाज. मी थो बरोब्बर वळखला.

"भिया," मी म्हनलं. "भिया, मी लखन. ठेवू नको. आयक, कोनी काही म्हनत नाई तुले. भिया..."

श्वास आयकू येऊन राह्यलता. याडी फोनकडे वाकली.

"रूम फुल है जी," तिकडून हिंदीत आलं. "सॉरी. सब रूम फुल है."

कटला.

पिंटूनं परत लावला. परत लावला. बंद.

याडीनं पदर नीट केला. "काय म्हने थो शेवटी?" तिले हिंदी समजते. चांगली समजते.

"रूम फुल हाय म्हने," मी सांगतलं.

"असन," म्हने. "पावसात लोक येत असतीन."

---

दुसऱ्या दिसी आमच्या गाडीच्या वक्ताले पिंटूच्या फोनवर लॉजच्या मालकाचा फोन आला. गावात आलता थो सामान घ्याले. मोडकंतोडकं हिंदी, पन चांगला मानूस वाटला. पिंटूनं इचारलं, रूम तं फुल हाय ना?

"आपका बुकिंग पक्का है. किसन बोला क्या फुल है? क्यों बोला? पूरा ख़ाली है, इस बारिश में कौन आता? वो तो सुबह में चला गया साब. चिट्ठी नहीं, कुछ नहीं. आधा कपड़ा इधर ही है. दो साल में एक दिन छुट्टी नहीं लिया आदमी. आपसे कुछ झगड़ा हुआ क्या फ़ोन पर?"

पिंटू म्हने, "नहीं."

"आप आ जाओ. खाना मैं बना दूँगा. उसके जैसा नहीं बनेगा."

मी घरी गेलो तं याडी बाजीवर बसून होती, पिशवी पायाजवळ. नवं लुगडं नेसेल. तिनं पिशवी उघडली न्हवती रात्रीपासून, आन मीबी नको म्हनलं न्हवतं. दोघायलेबी वाटलं असन का सकाळी काही दुसरं होईन.

सांगतलं.

"पानी पडून राह्यलं का तिकडे?"

"हाव."

"खोकला होता त्याले."

"हाव याडी."

कोंबड्या आंगनात आल्या, तिनं हाकलल्या नाई.

मी म्हनलं, "आपुन जाऊ. बुकिंग पक्कं हाय. त्याचे कपडे तिथंच हायेत, थो घ्याले येईन. तवा धरू."

"धरू?" याडी म्हने. "थो काय बैल हाय?"

"मंग काय कराचं?"

ती बोलली तं सारं ठरवून बोलली.

"आपुन तिथं बसलो तं थो दुरून पाहीन आन तसाच जाईन. मंग कुठी जाईन? त्याले एक जागा भेटलती, लखन. छप्पर होतं. चूल होती. मालक पोटभर जेवू देत असन, नाई तं दुसऱ्याले इतक्या मायेनं बाटी मिलेगी म्हनला नसता. थे आपुन जाऊन मोडाचं का?"

"आपुन मोडून राह्यलो?"

"सांग त्या मालकाले. आमी येत नाई म्हना. कधीच येत नाई. किसनले सांगा, थे लोक येनार नाई. मंग थो येईन परत कामावर."

मले राग आला. खोटं कायले बोलू, लय आला. "आन पागडी?" मी म्हनलं. "थो पयते तं त्याच्यासाठी ठेवाची. मी इथं हाओ, रोज हाओ, आग मी देली, तं माह्या डोक्यावर नाई. कायले याडी? माहं डोकं काय खराब हाय?"

तिनं माह्याकडे पाह्यलं. रागावली नाई.

"तुले बांधली," म्हने, "तं तांड्यासाठी सोन्या मेला. मोठा जित्ता असतानी लाहान्याले बांधत नाई. तुले बांधाले दोन मिन्टं लागत नाई रे मले. पन त्या दोन मिन्टात माहं एक लेकरू मरते."

मी बाहेर जाऊन उभा राह्यलो.

परत आलो तं तिनं पिशवी खाली करेल होती. मीठ मिठाच्या डब्यात. स्वेटर दोरीवर. पागडी मातर पेटीत ठेवली न्हवती. दाराच्या बाजूच्या खुंटीवर अटकवली होती, जिथं बा वावरातून आला का शेला ठेवे. येनाऱ्याच्या हाताले पयले लागन अशी.

दुकानात ती माह्यासंग आली, मेसेज माह्यासमोर पाठव म्हने. पिंटूनं मालकाले हिंदीत लिहिला. आमी येत नाई. ॲडव्हान्स ठेवा. किसनची जागा कोनाले देऊ नका, थो येईन. त्याले सांगा हे लोक येनार नाईत.

"कधीच हा शब्द लिहू का काकू?" पिंटूनं इचारलं. त्याचा आंगठा फोनवर तसाच राह्यलता.

"लिहा बाबू."

त्यानं लिहिला. पाठवला.

एक टिक.

"गेला का?" याडीनं मले इचारलं.

"गेला."

"भेटला त्याले?"

मालक गावातून परत जंगलात गेला असन. तिथं नेटवर्क नाई.

"भेटन," मी म्हनलं. "टेकडीवर चढलं का भेटते, याडी."

ती स्टुलावरच बसून राह्यली. पिंटूनं पंखा लावला नाई. मी फोन तिच्यासमोर काउंटरवर ठेवला, स्क्रीन बंद झाली का बोटानं परत चालू करे.